स्क्रूच्या डब्याचे दिवस

ज्या घरांत ट्रान्झिस्टर किंवा टेपरेकॉर्डर होता, तिथे ‘एलिमिनेटर’ हा शब्द इंग्रजी न येणाऱ्यांनाही पाठ होता. सेल महाग आणि लवकर उतरणारे. त्यावर उपाय म्हणजे भिंतीतल्या 230 व्होल्टमधून 6 किंवा 9 व्होल्ट काढून देणारा हा हाताला जड लागणारा डबा. सेलची गरज संपवतो, म्हणून एलिमिनेटर.

या डब्याच्या इतिहासाचा एक धागा थेट नवी मुंबईतल्या महापेला येऊन पोहोचतो. 1924 मध्ये इंग्लंडमधल्या साउथएंड भागात व्हेरेल्स नावाच्या गृहस्थांनी स्थानिक वृत्तपत्रातून प्रश्न विचारला होता : बॅटरी टाळून घरच्या विजेवर रेडिओ चालवता येईल का? एरिक कोल या तरुणाने तसं यंत्र करून दाखवलं. दोघांनी मिळून बॅटरी एलिमिनेटर बनवायला सुरुवात केली, आणि कोलच्या नावातूनच ‘एको’ ही कंपनी उभी राहिली. मुंबईत 1940 साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल एको रेडिओ अँड इंजिनिअरिंग’च्या नावातला ‘एको’ तो हाच. टाटा समूहातली ही कंपनी पुढे ‘नेल्को’ झाली. तिचे रेडिओ महाराष्ट्रातल्या कितीतरी दिवाणखान्यांत वाजले. आज तिचा पत्ता महापे एमआयडीसीतल्या इलेक्ट्रॉनिक झोनचा आहे आणि व्यवसाय उपग्रह संपर्काचा.

ठाणे-बेलापूर रस्ता म्हटलं की आठवतात रसायनांचे कारखाने. एमआयडीसी 1962 ची, सिडको 1970 ची, खाडीवरचा पहिला वाशी पूल 1973 चा. या तारखांमधून नवी मुंबई घडत गेली. पण याच पट्ट्याचा इलेक्ट्रॉनिक्सशीही जुना संबंध आहे, आणि त्यात प्रभाकर देवधरांचं नाव आधी घ्यायला हवं. त्यांनी 1962 साली सुरू केलेली ‘अप्लॅब’ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये वाढली. पुढे तिचं कार्यालय दिघ्याला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आलं. देवधर नंतर देशाच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्षही झाले. अप्लॅबचा डीसी पॉवर सप्लाय कॉलेजांच्या प्रयोगशाळांत ठाण मांडून बसलेला असे : समोर मीटर, व्होल्टेज आणि करंटची बटणं, तांबडं-काळं टर्मिनल. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या अनेकांचा विजेशी पहिला हिशेब अशाच एखाद्या सप्लायसमोर झाला.

त्या काळच्या सप्लायची रचना साधी होती, म्हणून दुरुस्तीही शिकता येण्यासारखी होती. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, चार डायोडांचा ब्रिज ते एका दिशेला वळवतो, मोठा कपॅसिटर चढउतार सपाट करतो आणि शेवटी तीन पायांचा रेग्युलेटर आकडा धरून ठेवतो. सत्तरच्या दशकात आलेल्या 7805 या रेग्युलेटरने 5 व्होल्ट मिळवणं इतकं सोपं केलं, की तो मेकॅनिकच्या डबीत कायमचा राहायला आला. बिघाडही ओळखीचे. गुणगुण ऐकू आली तर कपॅसिटर सुकलेला. फ्यूज पुन्हा पुन्हा उडाला तर डायोड शॉर्ट. हलवल्यावर सुरू-बंद झाला तर कुठेतरी ड्राय सोल्डर. 1एन4007 हा डायोड 1,000 व्होल्ट सोसणारा आणि अगदी स्वस्त; एलिमिनेटर दुरुस्तीचा निम्मा खर्च सोल्डरिंग आयर्न तापवण्याचाच.

पार्ट मात्र मुंबईतून आणावे लागत. लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तरी 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबांचं नाव पार्टवाल्यांच्या तोंडून गेलेलं नाही. मानखुर्द-वाशी रेल्वे 1992 मध्ये सुरू होईपर्यंत वाशीच्या मेकॅनिकला बसने पूल ओलांडावा लागे. रेल्वे आल्यावरही ग्रँट रोड गाठायला गाडी बदलणं आलंच. त्यामुळे जुन्या सेटमधून काढलेला चांगला पार्ट फेकायचा नाही, ही दुकानाची शिस्त. डिसोल्डर पंपाने, म्हणजे ‘सकर’ने, उपसलेले पार्ट खोक्यात जमत जात.

मग एसएमपीएस, म्हणजे स्विच-मोड पॉवर सप्लाय, आला. स्विचिंगचं तंत्र आधीपासून होतं, पण 1977 च्या अॅपल-2 संगणकाने ते छोट्या यंत्रात लोकांसमोर आणलं. नव्वदच्या दशकात वाशी-बेलापूरच्या कार्यालयांत संगणक शिरले, तेव्हा मेकॅनिकच्या टेबलावर चार स्क्रूंचे पत्र्याचे डबे येऊ लागले. इथे खेळ उलटा होता. वीज आधी थेट डीसी होते, सुमारे 325 व्होल्ट. ट्रान्झिस्टर तिला सेकंदाला हजारो वेळा तोडतो, आणि मग लहानसा फेराइट ट्रान्सफॉर्मर काम भागवतो. वजन गेलं, धोका वाढला. मेन कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहतो. रेझिस्टरने तो रिकामा केल्याशिवाय बोट लावायचं नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा सिरीज बल्बचा : दुरुस्त केलेला सप्लाय थेट न लावता 60 किंवा 100 वॅटच्या पिवळ्या बल्बमधून लावायचा. बल्ब लखलखीत पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर काम झालं. महागडं उपकरण परवडत नसलेल्या माणसांनी हातात ठेवलेली ही युक्ती कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणाइतकी मोलाची आहे.

2000 च्या आसपास जगभर कपॅसिटर फुगू लागले. सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेला माल संगणकांत आणि सप्लायमध्ये गेला होता. वरची टोपी उचललेली, कडेने तपकिरी ओघळ. त्यात उष्णतेची भर. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि बंद कपाटात टीव्हीमागे कोंबलेल्या अडॅप्टरला गार वारा कुठून मिळणार? 2005 नंतरच्या भारनियमनाने आणखी एक मार दिला. मुंबई शहर त्यातून वाचलं, महावितरणच्या क्षेत्रातल्या नवी मुंबईला झळ बसली. वीज परत येताना उसळलेलं व्होल्टेज आधी एमओव्ही हा संरक्षक पार्ट खाई, मग फ्यूज. न्यूट्रल तुटला तर घरात 400 च्या आसपास व्होल्ट शिरत आणि एका संध्याकाळी इमारतभरचे अडॅप्टर मेकॅनिककडे जमत. पावसाळ्यात बोर्डावर मरून पडलेली पालही शॉर्टला पुरे.

या धंद्याला खरा धक्का मात्र विजेने दिला नाही, डब्याच्या सांध्याने दिला. पूर्वी स्क्रू असत. आता अडॅप्टरची दोन अर्धकं कंपनांनी वितळवून जोडलेली असतात. उघडायचं म्हणजे हॅकसॉ ब्लेडने कापायचं, आणि दुरुस्तीनंतर टेप गुंडाळायची. तशा डब्यात सुरक्षिततेची मूळ हमी उरत नाही, म्हणून चांगला मेकॅनिकही नको म्हणतो. बोर्डावरचे आकडे कधी खरवडलेले असतात. सर्किट डायग्राम, जो एके काळी मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर छापलेला असे, कुठेच मिळत नाही. काही रुपयांचा कपॅसिटर बदलून चालला असता असा अडॅप्टर भंगारात जातो, आणि त्याच्याबरोबर तांबं, फेराइट, डझनभर शाबूत पार्ट.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. पाऊल योग्य आहे, पण पोर्टलवर सेवा केंद्राचा पत्ता मिळाल्याने वाशीतल्या गाळ्यातल्या मेकॅनिकच्या हातात काही पडत नाही. त्याला दोन गोष्टी हव्यात : उघडून पुन्हा नीट बंद करता येईल असा डबा, आणि आतल्या सर्किटचा नकाशा. ग्राहकांनी आणि ग्राहक संघटनांनी या दोन्ही गोष्टी नावानिशी मागायला हव्यात.