पेटीवरचें नांव

मोसंबी हें नांवच परदेशचें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोझांबिकवरून तें पडलें असें मानतात. तरी बीड जिल्ह्यांत, गोदाकांठच्या गेवराई तालुक्यांत, हें फळ आतां घरचेंच झालें आहे. बाग फळांनीं लगडली कीं व्यापारी येतो, झाडावरच उक्ता सौदा ठरवितो आणि माल दूरच्या पेठेंत नेतो. तेथें फळ चाखणाऱ्यास तें कोणत्या गांवचें, कोणाच्या बागेंतलें, हें समजण्यास मार्ग नसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील बागाईतदारांपुढें हीच अडचण होती. आगगाडीनें संत्रीं हजारों मैल जाऊं लागलीं. पण बंद लांकडी पेटींत काय दडलें आहे, हें लिलावांत कसें कळावें? म्हणून पेटीच्या तोंडावर सुमारें १० इंच बाय ११ इंचांचा, शिळाछापावर छापलेला रंगीत कागद चिकटविण्याची चाल पडली. त्यावर हिरव्या बागा व बर्फाचे डोंगर असत. चित्रानें नजर ओढावी व नांव ध्यानांत राहावें, हा त्यांतला हेतु.

परंतु मालांत खोट निघाली तर सुंदर चित्रही निरुपयोगी. १८९३ सालीं तेथील बागाईतदारांनीं विक्रीसाठीं सहकारी संघ स्थापिला आणि १९०८ सालीं ‘सनकिस्ट’ हें सामाईक नांव घेतलें. त्यांच्या कागदांवर निळा रंग सामान्यतः पहिल्या प्रतीची व तांबडा दुसऱ्या प्रतीची खूण असे. १९२६ पासून नांवाचा शिक्का फळावरच उमटूं लागला. १९५० नंतर पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या, चित्रें संग्राहकांच्या हातीं गेलीं; नांव मात्र बाजारांत टिकलें.

आपल्याकडे १९३७ च्या कायद्यानें शेतमालाची प्रतवारी करून ‘ॲगमार्क’चा शिक्का मारण्याची सोय झाली. प्रदेशाच्या नांवाला संरक्षण देणारा कायदा १९९९ सालीं झाला व २००३ मध्यें अंमलांत आला. त्याखालीं २०१६ सालीं शेजारच्या जालन्याच्या मोसंबीची आणि बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाची नोंद झाली.

मात्र नोंद चेन्नईच्या दप्तरांत आणि फळ उघड्या ढिगांत, अशी स्थिति असेल तर शेतकऱ्याच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. चारचौघांनीं एकत्र येऊन फळें निवडावीं, पेटींत वर-खालीं सारखींच भरावीं आणि मग गांवाचें नांव त्यावर लावावें. असें नांव वाचून गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तीच पेटी मागतें. शेतकऱ्याची खरी कमाई तेथून सुरू होते.