चंद्राचा सातबारा

23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 चे ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात अलगद उतरले. त्यानंतर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या ज्या शाळांत आम्ही गेलो, तिथे एक प्रश्न ठरलेला असे : “सर, ती जागा आता आपली झाली का?” आम्ही ‘नाही’ म्हणत असू. मग मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न येई : “मग तिथलं पाणी?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर जगात कोणाजवळही अजून पक्के नाही. मात्र हा प्रश्न आपल्याकडच्या मुलांना सुचावा यात नवल काही नाही. पाणी कोणाचे, हा वाद ऐकतच ती मोठी होतात.

आधी सोपे उत्तर. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला आणि अमेरिका व रशिया दोघांनाही एकच धास्ती पडली : दुसरा आधी चंद्रावर पोचला आणि त्याने तो आपला म्हणून जाहीर केला तर? कोण पुढे जाईल हे ठाऊक नव्हते, म्हणूनच करार होऊ शकला. 1967 चा अंतराळ करार सांगतो की चंद्र किंवा कोणताही खगोल सार्वभौमत्वाचा दावा सांगून, वापर करून, ताबा घेऊन किंवा अन्य मार्गाने कोणत्याही राष्ट्राला आपल्या मालकीचा करता येणार नाही. भारताने त्यावर 1967 मध्येच सही केली आणि 1982 मध्ये त्याला मान्यता दिली. 1969 मध्ये चंद्रावर लावलेला झेंडा हा मालकीचा दावा नव्हे, असे खुद्द अमेरिकेच्या काँग्रेसने कायद्यात लिहून ठेवले. विक्रमच्या जागेचे ‘शिवशक्ती’ हे नावही तसेच. नाव दिल्याने जागा नावावर होत नाही. (चंद्रावरच्या प्लॉटची प्रमाणपत्रे विकणारे लोक आहेत. ती भिंतीवर लावायला बरी.)

शेतकऱ्यांच्या मुलांना हे सातबाऱ्यावरून चटकन समजते. चंद्राचा सातबारा काढला, तर भोगवटादाराचा रकाना कोराच राहील. पण सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असाही एक रकाना असतो. विहिरीतला हिस्सा तिथे लागतो, कुळाचे नाव लागते, बँकेचा बोजा चढतो. घरोघरचे बरेच तंटे त्याच रकान्यात असतात. चंद्राचेही तसेच आहे.

माणसाने वर नेलेल्या वस्तूंपुरती गोष्ट स्पष्ट आहे. 2 एप्रिल 2022 च्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशात अग्निरेषा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. जाणकारांच्या मते ते एका चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष होते. करारानुसार अशी वस्तू अंतराळात असो की पृथ्वीवर परत पडलेली असो, तिची मालकी बदलत नाही. म्हणजे कडे पडले ते शेत आपले, पण कडे आपले नव्हे.

उकरून आणलेल्या मातीचे काय? अपोलोच्या अंतराळवीरांनी 382 किलो दगडमाती आणली. रशियाच्या लूना-16 या यंत्राने 1970 मध्ये 101 ग्रॅम माती आणली. तिच्यातले तीन बारीक कण रशियन सरकारने अग्निबाणांचे शिल्पकार कोरोल्येव यांच्या पत्नीला भेट दिले होते. 1993 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांना 4,42,500 डॉलर मिळाले. ज्या चंद्राचा कोणी मालक नाही, त्याच्या कणांना मालक होता, गिऱ्हाईक होते आणि भावही होता.

विकसनशील राष्ट्रांनी हा धोका आधीच ओळखला होता. 1979 च्या चंद्र-कराराने चंद्रावरील साधनसंपत्ती हा सर्व मानवजातीचा सामाईक वारसा ठरवला. खनिजे काढण्याची वेळ आली की सर्वांनी मिळून व्यवस्था बसवावी, असे त्यात आहे. गायरानातले गवत कोणी, किती कापायचे हे गावाने ठरवावे, तसे. भारताने 1982 मध्ये सही केली, पण करार मंजूर मात्र केला नाही. अमेरिका, रशिया, चीन यांनी सहीसुद्धा केलेली नाही. आजवर वीस राष्ट्रेही त्यात नाहीत.

मग 25 नोव्हेंबर 2015 रोजी अमेरिकेने स्वतःचा कायदा केला : आमच्या नागरिकाने लघुग्रहावरून किंवा अंतराळातून जे काढून आणले ते त्याचे, ते त्याने ठेवावे, वापरावे, विकावे. त्या खगोलावर आमचा दावा नाही, असेही त्यात लिहिले आहे. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिरात आणि जपान यांनी पुढे असेच कायदे केले. या बाजूचे लोक मासेमारीचा दाखला देतात. समुद्र कोणाचा नाही, पण जाळ्यात आला तो मासा कोळ्याचा. आम्हांला मात्र त्याहून जवळचा दाखला दिसतो तो बोअरचा.

1843 मध्ये इंग्लंडात एक खटला गाजला. एका सूतगिरणीची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीने आटली. न्यायालयाने भरपाई नाकारली. जमिनीखालचे पाणी कसे वाहते हे कोणाला दिसत नाही, म्हणून ज्याची जमीन त्याने ते उपसावे, असा एकूण विचार. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात हेच तत्त्व उतरले. आज आपल्या शेतातला मुरूम विकायचा तर सरकारला रॉयल्टी भरावी लागते, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार खनिज सरकारचे. पण त्याच मुरमाखालचे पाणी रात्रंदिवस उपसले तरी पूर्वी कोणी विचारत नसे.

हा नियम अज्ञानावर उभा होता. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत, आणि या भेगा बांध ओळखत नाहीत. शेजाऱ्याने तीनशे फूट बोअर मारला की पन्नास फुटांची विहीर कोरडी पडते. मग आपणही बोअर घ्यायचा, चारशे फुटांचा. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे होते, शहरातले बोअर आटत होते आणि 12 एप्रिलला मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर प्रवास करून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आले. पाऊस कमी पडला होता हे खरेच. उसानेही आपला वाटा घेतला होता. पण जमिनीखालचे पाणी उपसले गेले, ते कोणी कोणाची गुंठाभर जमीन न बळकावता. सातबाऱ्यावरची एक ओळ बदलली नाही आणि पाणी संपले.

चंद्रावरच्या पाण्याचा पुरावा मिळाला तो 2009 मध्ये, आपल्याच चांद्रयान-1 वरील अमेरिकी उपकरणाच्या नोंदींतून. ध्रुवांजवळच्या, ऊन कधीच न पोचणाऱ्या विवरांत बर्फ आहे असे दिसते. त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन केले की अग्निबाणाचे इंधन होते, म्हणून एवढी ओढ. अशी विवरे थोडी, आणि त्यांच्याजवळ बराच काळ ऊन मिळणारे उंचवटे त्याहून थोडे. शिवाय 2016 च्या पावसाळ्यात मांजरा पुन्हा भरले, तसा पावसाळा तिथे नाही.

जमिनीवर आपण उशिरा का होईना नियम केले. महाराष्ट्राच्या 1993 च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास बंदी घातली. 2014 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. अंमल किती झाला, ते बोअरच्या गाड्या मोजून कोणीही सांगेल.

चंद्रासाठी 2020 च्या आर्टेमिस संकेतांत ‘सुरक्षा क्षेत्र’ सुचवले आहे. काम चालू असलेल्या जागेभोवती इतरांनी आगाऊ सल्लामसलत करूनच यावे, असा त्याचा अर्थ. दिसायला तेही एक वर्तुळच. पण आपले 500 मीटरचे वर्तुळ गावाच्या आडाभोवती आहे. ते खोदणाऱ्याला बाहेर ठेवते. चंद्रावरचे वर्तुळ खोदणाऱ्याभोवती आहे.

भारताने 21 जून 2023 रोजी या संकेतांवर सही केली. त्याआधी एप्रिलमध्ये मंजूर झालेल्या भारतीय अंतराळ धोरणानुसार, खासगी संस्थेने मिळवलेली अंतराळातील साधनसंपत्ती कायद्याच्या व आंतरराष्ट्रीय बंधनांच्या चौकटीत तिच्या मालकीची होऊ शकते व तिला ती विकताही येते. संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीने याच प्रश्नासाठी 2021 मध्ये एक कार्यगट नेमला. आणि 1979 च्या करारावर, म्हणजे गायरानाच्या कागदावर, 1982 मध्ये केलेली आपली सहीही अजून तिथेच आहे.