कुर्डुवाडीची पेठ आणि हलवाई
कुर्डुवाडीची पेठ फुलविली ती दोन रुळांच्या असमान रुंदीने. 1897 साली बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी येथून बार्शीस धावू लागली; 1906 साली ती पंढरपुरास पोहोचली. मुंबई-मद्रास मार्गाच्या मोठ्या गाडीतून आलेल्या वारकऱ्यास येथे उतरणे भागच पडे, आणि त्याचा खोळंबा म्हणजे हलवायाची सुगी! परातीत शेव-बुंदी, बत्तासे. शेजारी भुसाऱ्याचे फुटाणे, पलीकडे कासाराच्या बांगड्या. जाताना एकादशीच्या उपवासाने हात आखडे. द्वादशीचे पारणे झाल्यावर परतीच्या वाटेवर मात्र घरच्या पोरांसाठी कनवटीची गाठ सुटे. या शतकाच्या आरंभी पंढरपूरचा मार्ग रुंद झाला. प्रवाशांची सोय झाली, हे निर्विवाद. परंतु थेट गाडीने जाणाऱ्यास हलवायाची पायरी चढण्याचे कारण उरले नाही.