शब्दवेध : उरूस

मोहरम लागला की नागपुरात मोठ्या ताजबागेची तयारी सुरू होते. सुफी संत हजरत बाबा ताजुद्दीन यांचा तिथला उरूस २६ मोहरमचा. जन्म कामठीचा, १८६१ सालचा. राजे रघुजी भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवले होते. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले.

अरबीत ‘उर्स’ म्हणजे लग्न, आणि ‘अरूस’ म्हणजे नवरी. सुफींच्या लेखी संताचा मृत्यू हे परमेश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला लग्नाचे नाव. शोकदिवसाला असे नाव देणारी श्रद्धा मला फार थोर वाटते. मराठी जिभेने जोडाक्षर सोडवले: हुक्मचा हुकूम, जुल्मचा जुलूम, तसा उर्सचा उरूस. त्याला क्रियापद मात्र आपले दिले. जत्रा भरते, तसा उरूसही भरतो. पश्चिम महाराष्ट्रात तर कित्येक गावी ग्रामदैवताच्या जत्रेलाही उरूसच म्हणतात.

बाबांच्या उरसाचा दिवस चंद्राच्या हिशोबाने येतो. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, आणि आपल्या पंचांगातला अधिक मास त्यात नाही. त्यामुळे उरूस दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. बाबा गेले ते हिजरी १३४४ मध्ये. २०२५ च्या जुलैत २६ मोहरम आला तेव्हा इंग्रजी हिशोबाने शंभरावे वर्ष होते, हिजरी सन होते १४४७. म्हणजे चंद्राच्या मोजणीने १०३ वर्षे झाली होती.