दोन वर्षांचा संघ, एका धावेची हुरहुर
‘रायझिंग पुणे सुपरजायंट’च्या २०१७ मधील यशाची आणि त्याच्या पाठीराख्यांची कहाणी

पुणे : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून पुण्याकडे येताना गहुंजे गावाजवळ महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे स्टेडियम नजरेत भरते. स्टेडियम मावळ तालुक्यात असले, तरी त्याच्या अवतीभवतीचा मोठा पट्टा मुळशीचा आहे. नेरे, जांबे, मारुंजी ही पूर्वीची शेतीची गावे हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीमुळे झपाट्याने बदलली. शेतांच्या बांधांना लागून गृहसंकुले उभी राहिली आणि चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू, कोलकाता येथून नोकरीसाठी आलेली कुटुंबे त्यांत राहू लागली. या नव्या रहिवाशांनी येताना आपापल्या गावचा आयपीएल संघही सोबत आणला. मूळच्या गावकऱ्यांचा ओढा सचिन तेंडुलकरमुळे मुंबई इंडियन्सकडे होता. अशा मुलखात पुण्याच्या नावाने खेळणाऱ्या संघाला पाठीराखे मिळावेत कसे आणि ते टिकावेत कसे, हा प्रश्न आयपीएलच्या इतिहासात दोनदा उभा राहिला.

पहिल्यांदा त्याचे उत्तर निराशाजनक होते. सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून ‘पुणे वॉरियर्स इंडिया’ हा संघ घेतला. २०११ च्या पहिल्या मोसमात गहुंजेचे मैदान तयार नसल्याने ‘पुण्या’चे घरचे सामने नवी मुंबईत झाले. १ एप्रिल २०१२ रोजी स्टेडियमचे उद्घाटन झाले, सौरव गांगुलीकडे नेतृत्व आले. पण दहा संघांत नववा, नऊ संघांत नववा आणि नऊ संघांत आठवा अशी तीन मोसमांची कामगिरी राहिली. बँक हमीच्या वादातून ऑक्टोबर २०१३ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने संघाचा करार संपुष्टात आणला. संघ गेला याचे पुणेकरांना फारसे दुःख झाल्याचे दिसले नाही.

उणे १६ कोटींचा संघ

दुसरी संधी आली ती दुसऱ्यांच्या पापामुळे. सट्टेबाजी प्रकरणात न्या. आर. एम. लोढा समितीने १४ जुलै २०१५ रोजी चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स यांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. ही दोन वर्षे भरून काढण्यासाठी मंडळाने दोन तात्पुरते संघ विकायला काढले आणि त्यासाठी उलटी बोली ठेवली. प्रत्येक संघाला मध्यवर्ती महसुलातून जास्तीत जास्त ४० कोटी रुपये मिळणार होते; जो त्याहून कमी मागेल त्याला संघ. ८ डिसेंबर २०१५ रोजी संजीव गोएंका यांच्या कंपनीने उणे १६ कोटींची बोली लावली. म्हणजे मंडळाकडून काही घेणे दूरच, वर्षाला १६ कोटी स्वतःच मंडळाला द्यायचे! उणे १० कोटींत राजकोटचा संघ दुसऱ्या कंपनीला मिळाला.

यातील महत्त्वाची अट ‘दोन वर्षे’ ही होती. पाठीराख्याने निष्ठा वाहायची, पण त्या निष्ठेची अंतिम तारीख आधीच छापलेली. ज्या संघाचा मृत्युलेख त्याच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेला आहे, त्याचा ध्वज घरात कोण लावणार, असे तेव्हा विचारले जात होते, आणि ते चुकीचेही नव्हते.

निलंबित संघांतील खेळाडूंच्या वाटपात पुण्याने पहिलीच निवड महेंद्रसिंह धोनीची केली. त्याची किंमत साडेबारा कोटी. पाठोपाठ अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ, फाफ डू प्लेसी आले. प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग, तेही चेन्नईचेच. साहजिकच पिवळा रंग बदलून जांभळा केलेला हा चेन्नईचाच संघ आहे, असा टोमणा सुरुवातीपासून मारला गेला.

दुष्काळाचे वर्ष

९ एप्रिल २०१६ रोजी वानखेडेवर पुण्याने मुंबईला नऊ गडी राखून हरविले, रहाणेने नाबाद ६६ धावा केल्या. सलामी झोकात झाली. मात्र त्या वर्षी मराठवाड्यात पाण्याची रेल्वे न्यावी लागली होती. खेळपट्ट्यांवर पाणी ओतले जात असताना गावे तहानलेली, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि १३ एप्रिलला न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. पुढे १ मेच्या पुण्यातील सामन्यापुरती मुभा मिळाली. त्यानंतर ‘पुण्या’चे घर विशाखापट्टणमला हलले.

या आदेशाबद्दल क्रिकेटप्रेमींत दोन मते होती. पवनेच्या पाण्यावर जगणाऱ्या या परिसरात मैदानाला किती पाणी लागते याची चर्चा क्रिकेटच्या चर्चेइतकीच रंगे, आणि ती केवळ क्रिकेटद्वेषातून होत होती असे म्हणता येणार नाही.

मैदानावरचे चित्रही कोरडेच होते. केविन पीटरसन, डू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श असे चार परदेशी खेळाडू दुखापतींनी मायदेशी परतले. गहुंजेवर झालेले चारही सामने (बंगळुरू, कोलकाता, गुजरात व मुंबईविरुद्धचे) पुण्याने गमावले. गुजरातविरुद्ध तर स्मिथचे शतक होऊनही शेवटच्या चेंडूवर हार पत्करावी लागली. मोसमात चौदापैकी पाच विजय, आठ संघांत सातवा क्रमांक. आणि त्या पाचांपैकी एकही पुण्यात नाही. तिकीट काढून, द्रुतगती मार्गाच्या कोंडीत अडकून, बेगडेवाडी किंवा देहूरोड स्थानकावरून वाट काढत मैदान गाठलेल्या प्रेक्षकाने वर्षभरात आपल्या संघाचा एकही विजय डोळ्यांनी पाहिला नव्हता.

नावातला ‘स’ गळाला

दुसऱ्या मोसमाची सुरुवात वादानेच झाली. १९ फेब्रुवारी २०१७ रोजी धोनीला कर्णधारपदावरून दूर करून स्मिथची नेमणूक झाली. दुसऱ्या दिवशी लिलावात इंग्लंडच्या बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजण्यात आले. तोवरच्या परदेशी खेळाडूंमधील तो उच्चांक होता. संघाच्या इंग्रजी नावातील अनेकवचनी ‘स’ काढून ‘सुपरजायंट’ असे एकवचन करण्यात आले, यावर पुणेरी विनोदबुद्धीला बरेच खाद्य मिळाले. पहिल्या सामन्यानंतर मालकाच्या बंधूंनी समाजमाध्यमावर धोनीला खिजविणारा मजकूर टाकला आणि धोनीचे चाहते संतापले. संघाचे पाठीराखे आणि धोनीचे पाठीराखे ही दोन वेगळी माणसे आहेत, हे त्या आठवड्यात स्पष्ट झाले.

पण तो पहिला सामना! ६ एप्रिल २०१७ रोजी गहुंजेवर मुंबईने १८४ धावा केल्या. शेवटच्या षटकात पुण्याला १३ धावा हव्या होत्या. पोलार्डला दोन षटकार खेचत नाबाद ८४ धावांवर स्मिथने सामना संपविला. घरच्या मैदानावरील या संघाचा हा पहिला विजय, आणि तोही मुंबईविरुद्ध. मुंबई-पुण्यातील जुनी चुरस ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याची चव सांगावी लागणार नाही.

लगेच घसरगुंडी झाली. इंदूरला पंजाबकडून, गहुंजेवर दिल्लीकडून ९७ धावांनी, राजकोटला गुजरातकडून सलग तीन पराभव झाले. २०१६ ची पुनरावृत्ती होणार असे वाटत असतानाच बंगळुरूत विजय मिळाला आणि २२ एप्रिलच्या शनिवारी दुपारी, ऐन उन्हात, हैदराबादविरुद्ध ती खेळी झाली. १७७ धावांचा पाठलाग, शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्यात आणि धोनीचा चौकार. ३४ चेंडूंत नाबाद ६१. गहुंजेच्या बऱ्याचशा प्रेक्षकांच्या डोक्यावर छत नाही. एप्रिल-मेमधील दुपारचा सामना ही तिथे सहनशक्तीची परीक्षाच असते. त्या दुपारी धोनीसाठी आलेले आणि पुण्यासाठी आलेले अशी विभागणी करण्याचे कारण उरले नाही.

यानंतरच्या तीन आठवड्यांत संघाने जे केले त्याचा अंदाज कोणीच बांधला नव्हता. वानखेडेवर मुंबईवर तीन धावांनी मात, गहुंजेवर बंगळुरूला ९६ धावांत रोखून ६१ धावांनी विजय. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, गुजरातविरुद्ध ३ बाद १० अशी दाणादाण उडाल्यावर स्टोक्सने नाबाद १०३ धावा काढल्या. ६ मे रोजी हैदराबादेत जयदेव उनाडकटने शेवटचे षटक निर्धाव टाकले आणि त्यात हॅट्‌ट्रिकही घेतली.

आणि राहुल त्रिपाठी. लष्करी अधिकाऱ्याचा हा मुलगा पुण्यात क्रिकेट खेळून महाराष्ट्राच्या संघात आलेला; लिलावात पायाभूत किमतीला, म्हणजे १० लाखांना मिळालेला. स्टोक्सची किंमत त्याच्या १४५ पट. सलामीला येऊन त्याने मोसमात ३९१ धावा केल्या. ३ मे रोजी ईडन गार्डन्सवर ५२ चेंडूंत ९३. नामांकित पाहुण्यांच्या या संघाला पुण्याचा म्हणून एक चेहरा हवा होता, तो अनपेक्षितपणे मिळाला. लिलावात कोणीही न घेतलेला इम्रान ताहीर मार्शच्या जागी आला आणि १८ बळी घेऊन गेला. जखमी अश्विनच्या जागी १७ वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर आला. महागड्या आणि बदली खेळाडूंचे असे मिश्रण जुळून आल्यावर प्रेक्षकही जुळले, असे म्हणावे लागेल. संघ जिंकतो म्हणून लोक येतात हे खरेच. पण कोणाकडूनही अपेक्षा नसलेले खेळाडू जिंकून देतात तेव्हा त्यांच्याशी नाते लवकर जडते.

१४ मे रोजी गहुंजेवर पंजाबविरुद्ध जिंकेल तो पुढे जाणार होता. उनाडकटने पहिल्याच चेंडूवर गडी टिपला, पंजाबचा डाव ७३ धावांत आटोपला आणि पुण्याने नऊ गडी राखून बाद फेरी गाठली. गहुंजेवरील सातपैकी पाच सामने जिंकून, १८ गुणांसह पुणे मुंबईखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर राहिले. गहुंजेच्या प्रेक्षकांनी हा संघ त्यानंतर पाहिला नाही.

शेवटचे षटक

स्टोक्स आणि ताहीर आपापल्या देशाच्या संघांकडे परतले होते. तरीही १६ मे रोजी वानखेडेवर धोनीच्या २६ चेंडूंतील नाबाद ४० धावा आणि सुंदरचे १६ धावांत तीन बळी यांच्या जोरावर पुण्याने मुंबईला मोसमात तिसऱ्यांदा नमविले आणि अंतिम फेरी गाठली.

२१ मे, हैदराबाद. मुंबई ८ बाद १२९. तीन वेळा हरविलेला प्रतिस्पर्धी आणि १३० चे लक्ष्य. विजय हातात आल्यासारखा होता. रहाणे ४४ आणि स्मिथ ५१ यांच्यानंतरही गणित सुटेना. मिचेल जॉन्सनच्या शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. मनोज तिवारीचा चौकार. पुढच्या चेंडूवर तो झेलबाद. त्यापुढच्या चेंडूवर स्मिथ झेलबाद. एक अवांतर धाव, मग दोन धावा. अखेरच्या चेंडूवर चार हव्या असताना दोन पूर्ण झाल्या आणि तिसरीसाठी धावताना गडी धावबाद झाला. पुणे ६ बाद १२८. एका धावेने पराभव.

आयपीएलमध्ये उपविजेते होणारे संघ दरवर्षी असतात आणि त्यांना पुढचा मोसम असतो. पुण्याला तो नव्हता. २०१८ मध्ये चेन्नई व राजस्थान परतले आणि ३० सामने खेळून हा संघ बंद झाला.

पिवळ्या रंगाची रेल्वे

एप्रिल २०१८ मध्ये कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने चेन्नईत होऊ शकले नाहीत. ते गहुंजेला हलविण्यात आले. दोन वर्षांपूर्वी पाण्यामुळे पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला होता. आता पाण्यामुळेच चेन्नईचा संघ पुण्यात आला. पवना धरणाचे पाणी मैदानासाठी उचलण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली ती याच वेळी. २० एप्रिलच्या सामन्यासाठी चेन्नईहून चाहत्यांना घेऊन खास रेल्वेगाडी पुण्यात आली. धोनी तोच, फ्लेमिंग तेच, मैदानही तेच. गॅलऱ्या मात्र पिवळ्या. चेन्नईने पुण्यातील सहापैकी पाच सामने जिंकले आणि त्या वर्षीचा करंडकही नेला. पुढे पुण्याच्याच ऋतुराज गायकवाडकडे २०२४ मध्ये चेन्नईचे कर्णधारपद आले. गोएंका यांनी २०२१ मध्ये ७०९० कोटींना लखनौचा संघ घेतला आणि त्याला ‘सुपर जायंट्स’ हे नाव दिले. ‘स’ परत आला.

हिंजवडीच्या दुसऱ्या अंगाला, महामार्गापलीकडे बालेवाडीच्या क्रीडानगरीत कबड्डीच्या ‘पुणेरी पलटण’ने वेगळा मार्ग चोखाळला. २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही मोसमांत हा संघ आठांत आठवा होता. त्याला मात्र अंतिम तारीख नव्हती. दहाव्या मोसमात, १ मार्च २०२४ रोजी, अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे विजेतेपद पटकाविले. तो अंतिम सामनाही हैदराबादलाच झाला होता.