इंजिनाची निवड : एका मोटारीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो आणि त्यातही माणसाच्या विवेकाची कसोटी लागते. रस्त्यावर चालणाऱ्या वेगवान मोटारीसाठी इंजिन कसे निवडावे, याचे एक उदाहरण आपण पाहू.

इंग्लंडात थेम्स डिटन येथे एसी नावाच्या छोट्या कारखान्यात ‘एस’ ही हलकी, दोन आसनांची मोटार तयार होत असे. तिला ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन लावीत. त्याचे मूळ महायुद्धापूर्वीच्या जर्मन बीएमडब्ल्यूत होते. १९६१च्या सुमारास ते मिळेनासे होणार, हे स्पष्ट झाले. कुडी उत्तम, पण प्राण जाणार, अशी अवस्था आली.

अशा वेळी कॅरॉल शेल्बी हा अमेरिकन पुढे आला. १९५९ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत त्याने रॉय साल्वाडोरीच्या जोडीने जिंकली होती. पण हृदयविकारामुळे पुढील वर्षी शर्यती सोडाव्या लागल्या. त्याने एसीला पत्र लिहिले : मोटार तुमची, इंजिन अमेरिकन. शेव्हरोलेने त्याला नकार दिला. त्यांची स्वतःची कॉर्व्हेट होतीच. फोर्डने मात्र आपले नवे आठ सिलिंडरांचे इंजिन देऊ केले.

निवडीचे मर्म येथेच आहे. मोठी इंजिने अमेरिकेत हवी तेवढी होती. परंतु जड इंजिनाचा भार पुढच्या चाकांवर पडला, की मोटार वळणावर वळेनाशी होते. फोर्डने बिडाचे पातळ ओतकाम साधले होते, म्हणून ४.२ लिटरचे हे इंजिन ब्रिस्टलपेक्षा फारसे जड नव्हते. तरीही वाढते बळ पेलण्यासाठी मागचा डिफरन्शियल अधिक दणकट बसवावा लागला. १९६२च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात ही जोडणी झाली आणि ‘कोब्रा’ जन्मास आली.

पुढे सात लिटरचे इंजिन बसवताना चासीच्या नळ्या जाड कराव्या लागल्या आणि कमानपाटे काढून गुंडाळीच्या स्प्रिंगा घालाव्या लागल्या. तथापि १९६५ साली मोठ्या जीटी मोटारींचे जागतिक अजिंक्यपद मिळवून दिले ते लहान, ४.७ लिटरच्या इंजिनानेच.

बैल घेताना जाणता शेतकरी आपल्या गाडीची धुरा आधी पाहतो. आम्हांस वाटते, शेल्बीने तेच केले.