रिकामी जागा कोणाला दिसते?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. शिक्षण सुरू राहिले, पण कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथले माध्यम उर्दू. १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. तिथे त्यांनी वर्गांबरोबर वसतिगृहांचीही सोय पाहिली. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसलेला हा माणूस जाणून होता की, शब्द नुसते कानावर पडणे म्हणजे शिक्षण नव्हे. बसायला जागा हवी, राहायला खोली हवी, आणि प्रश्न विचारण्याचा हक्क हवा. त्यांचे नाव विद्यापीठाला द्यायचे म्हटले, तर १९७८ मध्ये याच नांदेड जिल्ह्यात आमची घरे जाळली गेली. वर्ग आम्हाला कोणी दान दिलेला नाही.

तोच वर्ग २०२० मध्ये मोबाईलात गेला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडेच इंटरनेटची सोय आढळली होती. मुखेड-कंधारकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोपीवर जातात. घरात मोबाईल एकच असेल, तर तो बापाच्या खिशात. लातूरचे शिकवणी वर्गही पडद्यावर आले. ज्याच्याकडे फी आणि स्वतंत्र खोली होती, त्याचा अभ्यास चालू राहिला. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा मात्र १३ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रावरच झाली, दोघांनाही तीच.

पडद्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. धडा दहादा ऐकता येतो, आणि यंत्र जात विचारत नाही. वर्ग तरी कुठे निर्दोष होता? मागचा बाक आपण भोगलेला आहे. पण वर्गात एक पोर आले नाही, तर त्याची जागा रिकामी दिसते. मास्तर विचारतो, शेजारचा सांगतो, कोणीतरी घरी जाते. पडद्यावर गैरहजर पोराची जागाच उरत नाही; ते मुकाट्याने नाहीसे होते.

म्हणून शिक्षक मित्रांनो, साधने जरूर वापरा. पण हजेरीपट घेऊन वस्तीत जा. जे नाव पुकारल्यावर ओ येत नाही, तिथूनच आपले काम सुरू होते.